अमेरिकेतल्या मोठ्या शहरात फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी: मॅचनंतर काय, कधी, कसं

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅचचा, म्हणजे कुणाला कुठल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी मिळाली याचा, निकाल लागतो आणि १ जुलैला, ओरिएंटेशन धरलं तर जूनच्या मध्यालाच, तुम्ही इंटर्न (पहिल्या वर्षाचे रेसिडेंट) म्हणून उभे राहता. हा लेख मॅच झालेल्यांसाठी आहे. यूएसएमएलई ही परवान्याची परीक्षा कशी द्यावी, अर्ज कसा भरावा यावर भरपूर लिहिलं गेलंय; ते इथे नाही. मोठ्या शहरातल्या, मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या हॉस्पिटलात फॅमिली मेडिसिनची तीन वर्षं कशी काढायची, कशाला आधी हात घालायचा आणि कशाकडे काणाडोळा केला तरी चालेल, एवढंच सांगणार आहे. मी महाराष्ट्रात एमबीबीएस करून याच वाटेने आलो आणि आता रेसिडेंटांना क्लिनिकमध्ये शिकवतो.

आपलं शिक्षण वॉर्डात झालेलं असतं. युनिट, राउंड, कॅज्युअल्टी, रात्रीची इमर्जन्सी. ओपीडी म्हणजे रांग उरकायची जागा. त्यामुळे आपली मुलं इथे आली की सगळी ताकद वॉर्ड ड्यूटीवर लावतात आणि क्लिनिकच्या दिवशी जरा सैल सोडतात. फॅमिली मेडिसिनमध्ये क्लिनिक हाच मुख्य अभ्यासक्रम आहे. रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या एसीजीएमईच्या २०२३ पासूनच्या नियमांनुसार तीन वर्षांत किमान १,००० तास आपल्या क्लिनिकच्या पेशंटांसाठी द्यावे लागतात. त्याआधी अट १,६५० भेटींची होती. डोकी मोजायचं सोडून तास मोजायला लागले, हे मला बरं वाटतं. एका पेशंटला नीट वेळ देणारा रेसिडेंट आधी आकड्यात मागे पडायचा. पुढे जे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

मार्च ते जून

व्हिसापासून सुरुवात करा. बहुतेक जण जे-वन या प्रशिक्षणाच्या व्हिसावर येतात, त्याचं प्रायोजकत्व ईसीएफएमजी या परदेशी पदवीच्या डॉक्टरांसाठीच्या संस्थेकडे असतं. त्यासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ (देशाला या विषयाच्या डॉक्टरांची गरज असल्याचं पत्र) लागतं. ते किती दिवसांत हाती पडेल हे तुमच्या हातात नसतं, म्हणून निकाल लागल्याबरोबर त्याच्या मागे लागा. जे-वनवर असताना मूनलायटिंग, म्हणजे फावल्या वेळात दुसरीकडे ड्यूटी करून पैसे मिळवणं, चालत नाही. घरखर्चाचं गणित एका पगारावर मांडा. जोडीदार जे-टूवर येणार असेल तर त्याला किंवा तिला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, तोही पोचल्यावर लवकर टाकावा. नोकरीचा एच-वन-बी व्हिसा हवा असेल तर स्टेप थ्री (यूएसएमएलईची शेवटची पायरी) आधीच पास झालेली लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा आपला प्रोग्रॅम याबाबत काय करणार आहे ते प्रोग्रॅमचं कार्यालयीन काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरला ईमेलवर स्पष्ट विचारा. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

कोऑर्डिनेटर ही प्रोग्रॅममधली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती आहे. डायरेक्टर बदलतात, ती तिथेच असते. तिच्या ईमेलला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे.

मग लसी. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची टीबीची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पत्रं, खुलासे. एम्प्लॉयी हेल्थकडे सरळ रक्ताची इग्रा चाचणी मागा. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांचे टायटर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीची तपासणी) भारतातच करून घ्या. हिपॅटायटिसचा कोर्स पुन्हा घ्यावा लागला तर त्याला काही महिने जातात, आणि इथे आल्यावर पहिल्या महिन्यात ते झेंगट नको असतं.

घराचं एक सोपं तंत्र आहे. तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट जूनअखेर शहर सोडतात आणि त्यांचे फ्लॅट रिकामे होतात. एप्रिलमध्येच चीफ रेसिडेंटला मेसेज करा. क्रेडिट हिस्टरी नसताना घरमालकाला पटवणं अवघड जातं, पण आधीच्या रेसिडेंटने तुमचं नाव सुचवलं आणि हॉस्पिटलचं करारपत्र दाखवलं की बरीच दारं उघडतात. हॉस्पिटलपेक्षा क्लिनिकच्या जवळ घर मिळालं तर उत्तम. ज्या बसने तुमचे पेशंट येतात त्याच बसने तुम्ही गेलात, तर ते अपॉइंटमेंटला उशिरा का पोचतात हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

आपण कुठे आलोय

फॅमिली मेडिसिनला अमेरिकेत स्वतंत्र स्पेशालिटीचा दर्जा १९६९ मध्ये मिळाला. घरोघरच्या जनरल प्रॅक्टिशनरांची पिढी संपत होती आणि नवे डॉक्टर सगळे स्पेशालिस्ट होत होते. त्यावर उत्तर म्हणून तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा द्यायची बोर्डाची परीक्षा आली. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये माँटेफिओर हॉस्पिटलात सोशल मेडिसिनची रेसिडेन्सी सुरू झाली. गरीब वस्तीतल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर घडवायचे, हा तिचा पाया. आज शहरातल्या अनेक प्रोग्रॅमांच्या वेळापत्रकात ‘कम्युनिटी मेडिसिन’चा जो महिना दिसतो, त्यामागे हाच विचार आहे. आपल्याकडे पीएसएमचा (सामाजिक आरोग्यशास्त्राचा) विषय पाठ करून विसरायचा असतो. इथे तो कामाला येतो. बाँडच्या (सक्तीच्या सरकारी सेवेच्या) वर्षात प्राथमिक आरोग्य केंद्रावर काम केलं असेल तर ते कमी लेखू नका. आशा सेविकेबरोबर घरं फिरलेल्या डॉक्टरला इथल्या कम्युनिटी हेल्थ वर्करचं मोल आपोआप कळतं.

अकॅडमिक हॉस्पिटलात मात्र एक अडचण आहे. इथे प्रत्येक अवयवाला वेगळा डॉक्टर आहे, आणि फॅमिली मेडिसिनवाल्यांकडे काही जण जरा वरून बघतात. ‘एवढे चांगले मार्क असून फॅमिली मेडिसिन का?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून येईल तसाच इथल्या एखाद्या फेलोकडूनही (सुपरस्पेशालिटी शिकणाऱ्या डॉक्टरकडूनही) येईल. उत्तर देत बसू नका. खरा धोका वेगळाच आहे: कार्डिऑलॉजी एक मजला वर, त्वचारोग शेजारच्या इमारतीत, म्हणून हात झटकून रेफर करायची सवय लागते. पेशंटला तिथली तारीख काही महिन्यांनंतरची मिळते आणि तोपर्यंत तो तुमच्याकडेच येत राहतो. गुडघ्यातलं इंजेक्शन, त्वचेची बायॉप्सी, गर्भनिरोधक इम्प्लांट, आययूडी, ओपिऑइडच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन, हे सगळं तुमच्याच क्लिनिकमध्ये व्हायला हवं. ब्युप्रेनॉर्फिनसाठी पूर्वी वेगळी परवानगी लागायची. ती अट डिसेंबर २०२२ च्या कायद्याने गेली, त्यामुळे आता डीईए या औषध नियंत्रण संस्थेच्या नेहमीच्या नोंदणीवर ते लिहिता येतं. रेफर करावंच लागलं तर चिठ्ठीत एक नेमका प्रश्न लिहा. ‘कृपया पाहावे’ एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही.

पहिलं क्लिनिक

सुरुवातीला अर्ध्या दिवसात तीन-चार पेशंट असतात. कमी वाटतात, पण घाम फोडतात. आदल्या संध्याकाळी चार्ट वाचा. मागच्या भेटीत काय ठरलं होतं, कोणती तपासणी राहिली, कोणतं स्क्रीनिंग बाकी आहे, याच्या प्रत्येकी दोन ओळी पुरतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग ४५ पासून, स्तनांच्या कॅन्सरसाठी मॅमोग्राफी ४० पासून दर दोन वर्षांनी, वीस पॅक-इयर (रोज एक पाकीट असं वीस वर्षं) सिगारेट ओढलेल्यांना ५० ते ८० या वयात फुप्फुसांचा कमी डोसाचा सीटी (सोडून १५ वर्षं झाली नसतील तर): हे तीन आधी डोक्यात बसवा, बाकीचे येतीलच.

खोलीत गेल्यावर पहिल्या मिनिटात विचारा, ‘आज कशाकशाबद्दल बोलायचंय?’ आणि यादी संपेपर्यंत ‘आणखी काही?’ म्हणत राहा. नाहीतर वीस मिनिटं पाठदुखीवर बोलून तुम्ही उठता आणि दाराच्या कडीला हात लावताना पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, छातीतपण जरा भरून येतं.’ यादी मोठी असेल तर दोघांनी मिळून दोन-तीन गोष्टी आजच्यासाठी निवडायच्या आणि बाकीच्यांना पुढची तारीख द्यायची. ती तारीख तुमच्याकडचीच हवी. मोकळा स्लॉट दिसला की फ्रंट डेस्क कुणाच्याही नावावर टाकतो, म्हणून ‘माझ्याचकडे’ असं स्वतः जाऊन सांगा. अशीच तुमची पॅनेल तयार होते, म्हणजे तुमच्या नावावरची दीड-दोनशे माणसं.

मग प्रिसेप्टरच्या, म्हणजे क्लिनिकमध्ये देखरेख करणाऱ्या सीनियर डॉक्टरच्या, खोलीत जायचं. आपल्याकडे केस प्रेझेंट करायची म्हणजे नाव, वय, व्यवसाय, पत्ता, तक्रारी क्रमाने, आणि निदान शेवटी, तेही सरांनी विचारलं तर. इथे उलट क्रम चालतो. असं बोला (ए-वन-सी म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज): ‘५८ वर्षांच्या बाई, मधुमेह आणि रक्तदाब. गुडघा दुखतो म्हणून आल्यात, पण ए-वन-सी ९.४ आहे. विमा बंद झाला म्हणून महिनाभर इन्सुलिन घेतलेलं नाही. आज सोशल वर्करला बोलवायचंय, इन्सुलिन पुन्हा सुरू करायचंय, गुडघा तपासून व्यायाम दाखवायचेत, इंजेक्शन पुढच्या वेळी. माझा प्रश्न एकच: आधीचाच डोस लगेच द्यावा का?’ यात तुमचं मत आहे आणि नेमका प्रश्न आहे. प्रिसेप्टरला तेच हवं असतं. ‘सर, तुम्ही सांगाल तसं’ हे इथे नम्रपणाचं लक्षण धरत नाहीत. विचार केलेला नाही असा अर्थ घेतात.

पहिले सहा महिने प्रिसेप्टर तुमच्याबरोबर खोलीत येणारच. मेडिकेअरच्या (वृद्धांच्या सरकारी विम्याच्या) बिलिंगचा नियम तसा आहे. त्यानंतर साध्या भेटींना सूट मिळते आणि एका प्रिसेप्टरकडे एका वेळी चारपेक्षा जास्त रेसिडेंट नसावेत अशी अट असते. या सहा महिन्यांचा फायदा घ्या. स्वतः तपासलेला मर्मर (हृदयाचा जादा आवाज) त्याच वेळी अनुभवी कानाने पडताळून घ्यायची संधी पुन्हा इतक्या सहज मिळत नाही.

संवादातल्या काही गोष्टी आपल्याला नव्या असतात. किशोरवयीन मुलगी आईबरोबर आली तर आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगायचं आणि मुलीशी एकटीने बोलायचं, हा नेहमीचा शिरस्ता आहे. पहिल्यांदा जीभ अडखळते. ‘या वयाच्या सगळ्यांशी मी असंच बोलतो’ म्हटलं की आई उठते. लैंगिक इतिहास, दारू, घरातली बंदूक, हे प्रश्न त्याच सपाट आवाजात विचारायचे ज्या आवाजात ॲलर्जी विचारतो. नैराश्याची पीएचक्यू-९ प्रश्नावली नर्स आधीच भरून घेते. बेरीज बघायच्या आधी नववा प्रश्न बघा, तो आत्महत्येच्या विचारांचा आहे.

दुभाषा हा हक्काचा भाग आहे, फोनवर किंवा स्क्रीनवर काही मिनिटांत मिळतो. पेशंटच्या मुलाला दुभाषा करू नका. आणि तुम्हाला हिंदी येतं म्हणून वॉर्डातून बोलावणं आलं तरी आधी विचारा: बऱ्याच हॉस्पिटलांत भाषेची परीक्षा दिल्याशिवाय दुभाष्याचं काम करता येत नाही. स्वतःच्या पेशंटशी हिंदीत बोलण्यासाठीसुद्धा ती परीक्षा पहिल्याच महिन्यात देऊन टाका. टॅक्सी चालवणारे, दुकानात काम करणारे दक्षिण आशियाई पेशंट हळूहळू तुमच्या नावावर जमा होतील.

इनबॉक्स

इंटर्न थकतात ते पेशंटांमुळे कमी आणि इनबॉक्समुळे जास्त. लॅबचे निकाल, गोळ्या संपल्याच्या विनंत्या, पेशंटांचे मेसेज, विमा कंपनीची पूर्वपरवानगी, अपंगत्वाचे फॉर्म. रोज दोन ठरलेल्या वेळी उघडा, मध्ये मध्ये डोकावू नका. रात्रपाळीच्या महिन्यात तुमचा इनबॉक्स कोण बघणार हे महिना सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्या.

एक गोष्ट भारतातून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमामुळे बहुतेक रिपोर्ट तयार होताक्षणी पेशंटच्या फोनवर दिसतात, बऱ्याचदा तुमच्या आधी. म्हणून बायॉप्सी पाठवतानाच सांगायचं: ‘रिपोर्ट तुम्हाला माझ्याआधी दिसू शकतो. हवं तर माझ्या फोनची वाट बघा, मी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करेन.’ आणि मग खरोखर फोन करायचा.

फॉर्मांचा कंटाळा करू नका. घरात ऑक्सिजनचं यंत्र आहे म्हणून वीज तोडू नये असं वीज कंपनीला लिहिलेलं पत्र, ओल आलेल्या भिंतीमुळे मुलाचा दमा वाढतोय असं घरमालकाला लिहिलेलं पत्र, यांनी कधी कधी इनहेलरपेक्षा जास्त फरक पडतो. मेडिकेडचं (गरिबांच्या सरकारी विम्याचं) नूतनीकरणाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेल्याने विमा बंद पडलेले पेशंट दर आठवड्याला भेटतील. ‘पत्ता बदलला का?’ हा प्रश्न रक्तदाब मोजतानाच विचारून टाकावा.

वॉर्ड आणि रात्री

याची तयारी आपली असतेच, म्हणून थोडक्यात. आठवड्याला ८० तास, चार आठवड्यांच्या सरासरीने. सलग २४ तास, वर हँडओव्हरसाठी जास्तीत जास्त चार. सात दिवसांत एक सुट्टी, तीही सरासरीने. तास खरे भरा. ‘ॲडजस्ट’ करून कमी दाखवायची आपली सवय इथे उलटते, कारण वेळापत्रक सुधारायला डायरेक्टरकडे तोच एक पुरावा असतो.

साइन-आउट, म्हणजे पाळी संपताना पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवणं, आय-पास पद्धतीने चालतो: आजार किती गंभीर, थोडक्यात गोष्ट, करायची कामं, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते परत सांगायचं. चौथा भाग बहुतेक जण गाळतात आणि पहाटे तीनला नेमका तोच लागतो.

तुमच्या क्लिनिकचा पेशंट दुसऱ्या टीमकडे ॲडमिट झाला तरी दोन मिनिटं खाटेपाशी जाऊन या. घरी गेल्यावर दोन कामाच्या दिवसांत फोन आणि सात किंवा चौदा दिवसांच्या आत भेट, हे मेडिकेअरच्या नियमात बसतं आणि क्लिनिकला त्याचे वेगळे पैसेही मिळतात. घरातल्या जुन्या गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगा. डिस्चार्जच्या कागदावर एक आणि पिशवीत दुसरंच, हे हमखास.

लेबर रूम

मोठ्या हॉस्पिटलात प्रसूतीचे रेसिडेंट वेगळे असतात आणि डिलिव्हरीसाठी तुमची त्यांच्याशी ओढाताण होते. उपाय एकच: कळा सुरू झाल्यापासून खोलीत बसा. नर्सशी ओळख करून घ्या, पाठ चोळा, पाणी द्या. ऐन वेळी हातमोजे घालून धावत येणाऱ्याला कुणी जागा देत नाही. ज्यांना पुढे प्रसूती करायच्या आहेत त्यांनी पहिल्याच वर्षी तसं सांगावं, कारण त्यांच्यासाठी एसीजीएमईची अपेक्षा ८० डिलिव्हरींची आहे आणि तेवढे आकडे तिसऱ्या वर्षी गोळा होत नाहीत.

क्लिनिकमध्ये ज्या गरोदर बाईला तपासलं तिचीच प्रसूती, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचंच बाळ, आणि बाळाच्या भेटीतच आईची एडिनबरा प्रश्नावली (प्रसूतीनंतरच्या नैराश्याची): या हॉस्पिटलात दुसऱ्या कुठल्याही विभागाला हे जमत नाही. फॅमिली मेडिसिन का, याचं उत्तर मुलाखतीत जे दिलं असेल ते असो, खरं उत्तर मला इथे दिसतं.

परीक्षा, दुसरं वर्ष आणि नोकरी

दर ऑक्टोबरमध्ये इन-ट्रेनिंग परीक्षा असते. पहिल्या वर्षीचे मार्क कमी आले म्हणून कुणी काढून टाकत नाही, पण कुठे कच्चे आहात ते कळतं. आपल्या मुलांचे सहसा बालरोग आणि इंटर्नल मेडिसिन पक्के असतात. विमा, वृद्धांची काळजी, वर्तनशास्त्र इथे मार्क जातात. स्टेप थ्री राहिली असेल तर पहिल्या वर्षातल्या हलक्या रोटेशनमध्ये उरका. बोर्डाची परीक्षा तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये.

दुसऱ्या वर्षी तुम्ही सीनियर होता आणि इंटर्नला शिकवायचं असतं. याच वर्षाच्या शेवटी जे-वनवाल्यांनी नोकरी शोधायला लागावं. शिक्षण संपल्यावर मायदेशी दोन वर्षं परत जायची जे-वनची अट माफ करून घ्यायची असेल तर कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. नव्या जागा १ ऑक्टोबरला खुल्या होतात, तोपर्यंत करारावर सही झालेली हवी. अनेक राज्यं प्राथमिक आरोग्य सेवेच्या डॉक्टरांना झुकतं माप देतात, हा या स्पेशालिटीचा एक फारसा न बोलला जाणारा फायदा. स्पोर्ट्स मेडिसिन, जेरियाट्रिक्स किंवा पॅलिएटिव्ह केअरची फेलोशिप करायची असेल तर तिचा व्हिसाशी मेळ बसतो का ते वकिलाला विचारून मगच अर्ज करा.

तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये पॅनेलची वाटणी सुरू होते. कॉम्प्युटर ती आपोआप करतो, पण त्याच्यावर सोडू नका. ज्यांना नवा डॉक्टर झेपणार नाही असे पंधरा-वीस जण निवडा: ब्युप्रेनॉर्फिनवरचे, एकटे राहणारे म्हातारे, नुकतं कॅन्सरचं निदान झालेले. त्यांच्यासाठी कोणता रेसिडेंट योग्य ते नाव घालून कोऑर्डिनेटरला यादी द्या. मे महिन्यात त्यांची एक भेट अशी लावा की सध्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असलेला तो रेसिडेंट खोलीत हजर असेल. चार्टच्या वरच्या नोंदीत औषधांखेरीज दोन ओळी लिहा: कुणाचा फोन उचलतात, कशाला घाबरतात, मागच्या वेळी इन्सुलिन का बंद केलं होतं. ब्युप्रेनॉर्फिनचं प्रिस्क्रिप्शन जूनअखेर संपणार असेल तर नव्या डॉक्टरच्या पहिल्या तारखेपर्यंत पुरेल एवढं लिहून ठेवा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवे इंटर्न लॉगिन मिळवण्यात गुंतलेले असतात.